नाळे बा

आमच्या गल्लीत अजून दोन दारांवर
खडूनं लिहिलेलं दिसतं, कानडीत, गोल गोल: नाळे बा.
उद्या ये.
रात्री हाका मारत फिरणारी ती
दारापाशी येते, वाचते, परत जाते.
दुसऱ्या रात्री पुन्हा तेच वाचते.
भूत असून केवढा विश्वास बाईचा
लिहिलेल्यावर.

मी सतरा वर्षं हेच केलं.
खडूसुद्धा लागला नाही.
माग बंद पडल्यावर कानात शिट्टी वाजत राहते ना,
त्या वेळी चित्र दारात यायचं
आणि मी म्हणायचे, आज बीम चढवायचाय,
आज नणंद जेवायला आहे, आज बोटं दुखतात.
ते बिचारं जायचं.
एकदा मात्र आतून ऐकलं,
बराच वेळ पायरीवर बसून होतं.

होसमनी मास्तर भेटले खासबागच्या बाजारात, रविवारी.
शाळेत चित्रकला शिकवायचे. त्यांच्या मराठीत सगळे पुरुषच.
"चित्र येतो, नाही येतो. त्याचा मर्जी.
तू मात्र रोज आला पाहिजे."
एवढंच. मग पाच रुपयांवरून
मेथीवालीशी कानडीत भांडायला लागले.

पहाटे पावणेपाच. माग सहाला सुरू होतात.
कागद नाही घरात, जॅकार्डची जुनी कार्डं आहेत,
पुठ्ठा जाड, पण भोकाभोकांचा.
रोज एकच तांब्या काढते, कडेला पोचा आलेला.
पहिल्या दिवशी तो कोबीसारखा दिसला.
नवव्या दिवशीही कोबीच.
भोक नेमकं बुडाशी येतं
आणि चितारलेला तांब्या गळायला लागतो.
कल्लाप्पा चहा ठेवतो, वाकून बघतो:
"अजून त्योच? पाणी तरी भर की त्यात."

मंगाईच्या जत्रेत अकरा दिवस राहिलं.
पाहुणे, मग धाकटीचा ताप,
मग काहीच नाही, नुसतं राहिलं.
बाराव्या पहाटे हात अनोळखी,
बंद मागातलं तेल थिजावं तसा.
भरपाई म्हणून बारा तांबे एका बैठकीत काढायला घेतले.
तिसऱ्याला रडू आलं.
एक ठेवला. तोही उजवीकडे कलता.

त्या दिवशी मागापाशी उभी असताना वर बघितलं.
चोवीस वर्षं बघतेय, पण बघितलं त्या दिवशी.
एका कार्डात मोर नसतो.
एका कार्डात एक आडवा धागा,
कुठं वर, कुठं खाली, बस्स.
चारशे कार्डं दोरीनं शिवून लोंबत असतात छताखाली,
एकेक पाळीला येतं,
खट्ट करतं, पुढं जातं,
आणि पदरावर कुणीतरी मान वळवून बघू लागतं.
कार्डाला ते दिसत नाही.

माझा मोर अजून आलेला नाही हं, सांगून ठेवते.
दोनशे तेरा तांबे झालेत,
सुतळीत ओवून खुंटीला टांगलेत,
पंखा लावला की आपटतात एकमेकांवर.
एकशे अठ्ठ्याऐंशीव्यात पोचा बरा जमलाय.
भोक बरोबर तिथंच होतं.
राहू दिलं. त्यातून भिंत दिसते,
भिंतीवरची ओलसुद्धा.

काल रात्री फडका ओला करून बाहेर गेले.
आमच्या दारावर कधी काही लिहिलेलंच नव्हतं.
तरी पुसलं,
चौकट धरून, वरपासून खालपर्यंत.